ब्लॉटवरचा तो डाग पुसू का, ताई?

पत्र: ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची, बीएस्सी-एमएस्सी बेळगावात, आता पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. एका औषधानं पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा आकार कसा बदलतो त्यावर काम करते. ब्लॉट, म्हणजे पेशीतली प्रोटीनं मेम्ब्रेनवर काळ्या पट्ट्यांसारखी (बँड) दाखवणारी चाचणी, इथेच केले, कॉन्फोकल मायक्रोस्कोपचे फोटो बेंगळुरूला जाऊन काढले, तिथल्या ऑपरेटरनं ते व्हॉट्सॲपवर पाठवले. आता सर म्हणतात पेपर लिही आणि चांगल्या सेल बायॉलॉजी जर्नलला पाठव, पण सुरुवात कुठून करू तेच कळेना. इंट्रोडक्शन लिहायला बसले की दोन ओळींवर अडते, इंग्लिशची भीती वाटते. एका ब्लॉटवर बँडच्या शेजारीच काळा डाग आलाय, सर म्हणाले फोटोशॉपमध्ये पुसून टाक, सगळेच करतात. सीनियर म्हणतो तीनशे पेशी मोजल्यात ना, मग एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, तीनशे लिही. आणि परवा एक मेल आला, सात दिवसांत पब्लिश करतो, फी भरा. बाबांची वीटभट्टी आहे, यंदा अवकाळी पावसात कच्च्या विटा भिजल्या, माझी फेलोशिप संपत आलीय, मन त्या मेलकडे ओढतंय. काय करू? — खानापूरची एक वाचक

उत्तर:

अगं, आधी डागाचं सांगते, कारण बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येतं, हे येत नाही. पुसू नकोस. इरेजर नको, क्लोन टूल नको, शेजारचा कोरा तुकडा उचलून वर चिकटवणं नको. तो डाग अँटिबॉडीचा गठ्ठा बसल्यामुळे आला असेल, मेम्ब्रेनला चिमटा लागला असेल, तुझ्या रिझल्टशी त्याचा काही संबंध नसेल, मला ते पटतंय. पण जर्नलच्या माणसाला पुसलेली जागा दिसली की तो एवढंच समजतो की इथं काहीतरी होतं आणि ते लपवलंय. आणि दिसतं गं ते. इमेजचा कॉन्ट्रास्ट टोकाला नेला की बाकी सगळीकडे बॅकग्राउंडचे बारीक दाणे दिसतात आणि पुसलेल्या जागी एक सपाट ठिगळ उठून येतं, साडीला लावलेल्या ठिगळासारखं, कितीही रंग जुळवला तरी.

हे तपासणं काही नवीन पण नाही. जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी, ज्याला सगळे जेसीबी म्हणतात, त्यांनी २००२ पासून स्वीकारलेल्या पेपरांमधल्या इमेजेस छापण्याआधी अशा तपासायला सुरुवात केली, आणि २००४ मध्ये माईक रॉसनर आणि केनेथ यामाडा यांनी त्याच जर्नलमध्ये काय चालतं आणि काय चालत नाही ते उदाहरणं दाखवून लिहिलं. गाभा असा की इमेजमधली कुठलीही एक गोष्ट वेगळी धरून उठावदार करायची नाही, झाकायची नाही, हलवायची नाही, काढायची नाही, नसलेली घालायची नाही. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदलायचा तर अख्ख्या इमेजला सारखा, कंट्रोलला जेवढा तेवढाच औषधवाल्याला, आणि तोही मूळचं काही दिसेनासं होणार नाही इतपतच. दोन वेगळ्या जेलच्या लेन (एकेका नमुन्याचे उभे पट्टे) शेजारी ठेवल्यास तर मध्ये स्पष्ट रेघ ओढायची आणि लीजेंडमध्ये, म्हणजे फिगरखालच्या मजकुरात, तसं लिहायचं. गॅमा, म्हणजे फिकट-गडद छटांचं प्रमाण, बदललास तर तेही लिहायचं. आता बहुतेक चांगली जर्नल्स हेच नियम पाळतात, आणि पूर्ण न कापलेला ब्लॉट मार्करसकट, म्हणजे प्रोटीनच्या मापाच्या खुणांसकट, द्यायला लावतात, मग तिथं तो डाग दिसणारच आहे की.

तुझ्यापुढे दोन सरळ रस्ते आहेत. लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला रस, शिल्लक असेल तर ब्लॉट परत कर, दोन-तीन दिवसांचं काम आहे. नसेल तर डागासकट दे आणि लीजेंडमध्ये एक ओळ टाक की हा डाग मेम्ब्रेनवरचा आहे, बाकीच्या रिपीटमध्ये तो नाही, आणि ते रिपीट सप्लिमेंटमध्ये लाव. माझ्या हातात असा पेपर रिव्ह्यूला, म्हणजे छापण्याआधी तपासायला, आला तर डाग असलेला ब्लॉट बघून माझा त्या माणसावरचा भरवसा वाढतो.

आणि "सगळेच करतात" हे खरं नाही. पेपरांतल्या इमेजमधली गडबड शोधणाऱ्या एलिझाबेथ बिक यांनी सहकाऱ्यांबरोबर ४० जर्नल्समधले २०,६२१ पेपर डोळ्यांखालून घातले, २०१६ मध्ये ते छापून आलं, आणि इमेज दुबार वापरल्याची गडबड ३.८ टक्के पेपरांत सापडली. प्रमाण कमी नाही, आणि ही फक्त एका प्रकारची गडबड झाली, पण सगळे करतात असं त्यावरनं कुणी म्हणू शकत नाही. शिवाय पेपरवर पहिलं नाव तुझं असणार, दहा वर्षांनी कुणी विचारलं तरी उत्तर तुलाच द्यावं लागणार.

आता त्या व्हॉट्सॲपच्या फोटोंकडे येते, खरं सांगू, पत्रातलं ते वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. माझ्या पीएचडीच्या वेळी मी पुसापुशी काही केली नाही पण मूळ फाइली सांभाळल्या नाहीत. ब्लॉटचे फोटो पॉवरपॉइंटमध्ये टाकून, कापून, नीट मांडून ठेवलेले, मूळ फाइली लॅबच्या कॉम्प्युटरवर. एक दिवस कुणीतरी न विचारता तो कॉम्प्युटर फॉरमॅट केला. रिव्ह्यू आले, चांगले आले होते गं, फक्त एकानं पूर्ण ब्लॉट मागितला. माझ्याकडे काय, तर कापलेली चौकट, ती ताणून मोठी केली तर बँडच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसायला लागल्या. पेशी परत मागवण्यापासून सगळं परत केलं, आठ महिने गेले. रिझल्ट तोच आला. ते आठ महिने आजही आठवतात.

व्हॉट्सॲप इमेज लहान करतं आणि परत दाबतं, आणि तुझ्या कामात त्याचा नेमका कुठे घाव बसतो ते बघ. जेपेग, म्हणजे व्हॉट्सॲपचे फोटो ज्या प्रकारात येतात तो, इमेजचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातले बारीक फरक टाकून देतं. कॉन्फोकलवर एक पिक्सेल साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला तर असा एक चौकोन ०.८ मायक्रॉनचा झाला, आणि मायटोकॉन्ड्रिया जाडीला किती, अर्धा ते एक मायक्रॉन! म्हणजे जो धागा लांब आहे का तुटलाय हेच तुला मोजायचंय त्याच मापाचा चौकोन तिथं येऊन बसतोय. त्यात रंगांच्या पायऱ्या वेगळ्याच, सोळा बिटच्या इमेजमध्ये ६५,५३६ छटा मावतात, जेपेगमध्ये एका चॅनेलला २५६. आणि मायक्रोस्कोपच्या स्वतःच्या फाइलमध्ये, म्हणजे झाइसची सीझेडआय, लायकाची एलआयएफ किंवा निकॉनची एनडीटू, त्यात पिक्सेलचं माप, लेन्स, लेझर किती टक्के, गेन किती, सगळं आपोआप नोंदलेलं असतं. स्केल बार त्यावरनंच येतो. व्हॉट्सॲपच्या फोटोवर स्केल बार टाकणार तो कशावरनं? "४०एक्स" लिहून भागत नाही, किती मायक्रॉन ते बारनं दाखवावं लागतं.

मूळ फाइली मिळाल्या की फिजी हे इमेज तपासायचं सॉफ्टवेअर फुकट डाउनलोड कर, त्यात या सगळ्या फाइली थेट उघडतात. मूळ फाइलवर काम करायचं नाही, कॉपीवर करायचं, आणि काय काय केलंस ते वहीत लिहायचं. कंट्रोल आणि औषधवाल्या इमेजची डिस्प्ले रेंज एकच आकडे टाकून सारखी ठेव, ऑटो बटण दाबलंस की प्रत्येक इमेज आपल्या आपल्या परीनं उजळ होते आणि तुलनाच संपते. लाल-हिरवी जोडी टाळ, हिरवा आणि मजेंटा घे, लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं कमी नसतात आणि त्यातला एखादा रिव्ह्यूअर असू शकतो. शक्य तिथं प्रत्येक चॅनेल वेगळा काळा-पांढरा दाखव, डोळ्याला बारीक धागे त्यात जास्त दिसतात. फिगर छापताना ज्या मापाची असेल त्या मापाला ३०० डीपीआय, फाइल टिफ, मांडणीला इंकस्केप हे सॉफ्टवेअर चालतं, तेही फुकट आहे. पॉवरपॉइंट बोलताना दाखवायला ठेव.

आता एनचं. इथं तुझ्या घरचंच उदाहरण देते, तुला लगेच कळेल. समजा बाबांनी मातीत एक नवा भुसा मिसळून बघितला, वीट जास्त टणक होते का म्हणून. एक भट्टी लावली आणि त्यातल्या तीनशे विटा ठोकून बघितल्या, सगळ्या टणक. तर भुशानं फरक पडला म्हणता येईल? त्या भट्टीला लाकूड चांगलं वाळलेलं असेल, वारं बरोबर असेल, त्या दिवशी चिखल तुडवणारी माणसं वेगळी असतील. तीनशे विटा बघून तुला ती एक भट्टी नीट कळली, मधल्या विटा कशा, कडेच्या कच्च्या किती, आगीजवळच्या खंगर किती. भुशाचं कळायचं तर वेगवेगळ्या वेळी तीन-चार भट्ट्या भुसा घालून आणि तेवढ्याच न घालता लावायला पाहिजेत. पेशींचं अगदी हेच आहे. एका डिशमधल्या शंभर पेशी एकाच भट्टीतल्या विटा. तू तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (म्हणजे वेगळ्या वेळी नव्या डिशमध्ये हलवून वाढवलेल्या) पेशी घेऊन, औषध ताजं बनवून प्रयोग केलास आणि प्रत्येक वेळी शंभर मोजल्यास तर एन ३, आणि लिहायचं असं की प्रत्येक प्रयोगात १०० पेशी.

सीनियरला एन तीनशे का आवडतो ते पण सांगते. स्टँडर्ड एरर म्हणजे आकड्यांचा पसारा भागिले एनचं वर्गमूळ, ३ च्या जागी ३०० टाकले की एरर बार बरोब्बर दहापट बारीक होतो आणि पी व्हॅल्यू, म्हणजे फरक खरा नसताना निव्वळ योगायोगानं एवढा दिसण्याची शक्यता, एकदम झक्कास दिसते. सेल बायॉलॉजीचा रिव्ह्यूअर हे पहिल्या पाच मिनिटांत पकडतो. २०२० मध्ये जेसीबीतच सुपरप्लॉट म्हणून एक पद्धत आली, ती वापर: सगळ्या पेशींचे बारीक ठिपके दाखवायचे, प्रत्येक दिवसाच्या प्रयोगाला वेगळा रंग, प्रत्येकाची सरासरी मोठ्या ठिपक्यानं, आणि टेस्ट त्या तीन मोठ्या ठिपक्यांवर. बघणाऱ्याला दोन्ही दिसतं, पेशी किती आणि भट्ट्या किती. लीजेंडमध्ये एरर बार एसडीचा (आकड्यांच्या पसाऱ्याचा) आहे का एसईएमचा (स्टँडर्ड एररचा), टेस्ट कुठली, एन म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक फिगरला परत परत लिही, कंटाळा करू नकोस.

तुझे तीन प्रयोग खरंच वेगळ्या दिवशीचे आहेत ना? पत्रातनं ते कळलं नाही. बेंगळुरूला एकदाच गेलीस म्हणून घाबरू नकोस, वेगळ्या दिवशी प्रयोग करून फिक्स केलेल्या स्लाइड एकाच फेरीत एकाच सेटिंगवर बघितल्या तरी चालतं, उलट सेटिंग सारखी राहते ते बरंच. पण एकाच दिवशीच्या तीन कव्हरस्लिप असतील तर ती एकच भट्टी आहे, अजून दोन लावाव्या लागतील.

लिहायची सुरुवात इंट्रोडक्शननं करूच नकोस, तिथं सगळेच अडतात. फिगरची प्रिंट काढ आणि घरी जमिनीवर मांड. एकेक उचलून आईला किंवा मैत्रिणीला मराठीत सांग, हे काय आहे, यावरनं काय कळलं, मग पुढची का केली. जिथं सांगताना तू अडशील तिथं एक तर प्रयोग कमी आहे नाहीतर फिगर जागच्या जागी नाही. क्रम बसला की प्रत्येक फिगरचं एक वाक्य लिही, तेच लीजेंडचं शीर्षक, त्यावरनं रिझल्ट्स. मग मेथड्स, मग डिस्कशन, मग इंट्रोडक्शन, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट शेवटी. जेसीबीसारखं जर्नल अ‍ॅबस्ट्रॅक्टला १६० शब्द देतं, तेवढ्यात बसवायचं तर आधी सगळं स्वतःला स्पष्ट पाहिजे.

इंग्लिशचं म्हणशील तर मीही बेळगावातल्या शहापूरच्या मराठी शाळेतली, घरात मराठी, बसमध्ये कन्नड, वर्गात इंग्लिश, आपल्या भागात सगळ्यांचंच असं. लहान वाक्यं लिही. एका वाक्यात एकच गोष्ट. आपण मराठीत कसं, करता करता बोलत जातो आणि क्रियापद शेवटी येतं, ते इंग्लिशमध्ये तसंच न्यायला गेलं की वाक्य लोंबकळतं, म्हणून कुणी काय केलं ते आधी आणि कशासाठी ते नंतर. दुसऱ्याच्या पेपरमधली छान वाक्यं उचलू नकोस, मेथड्समध्ये सुद्धा. एआयकडून भाषा तपासून घेतलीस तर जर्नलचा नियम वाचून तसं नमूद कर, ऑथर म्हणून त्याचं नाव टाकता येत नाही, आणि इमेज तर त्याच्याकडून अजिबात बनवून घेऊ नकोस.

मेथड्स मात्र जीव ओतून लिही. दुसऱ्या गावच्या मुलीनं तुझा पेपर समोर ठेवून तोच प्रयोग करायचा म्हटलं तर तिला तुला फोन करायची गरज पडू नये. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशी विज्ञान केंद्राकडनं आणल्यात तर तसं लिही, कधी आणल्या, कितव्या पॅसेजला वापरल्या, मायकोप्लाझ्मा हा पेशींत लपून वाढणारा जंतू तपासला का, एसटीआर ही डीएनएची चाचणी करून ओळख पटवली का. हे शेवटचं लोक टाळतात, पण पेशींच्या कित्येक लाइनी वर्षानुवर्षं भलत्याच नावानं वापरल्या गेल्या आणि तपासल्यावर आत हीला या कर्करोगाच्या जुन्या पेशी निघाल्या. अँटिबॉडीचा कंपनी आणि कॅटलॉग नंबर, किती पातळ केली. सेंट्रिफ्यूज आरपीएममध्ये (मिनिटाला किती फेरे) नको, जी मध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) लिही, रोटर बदलला की आरपीएमला अर्थ राहत नाही. औषध मोलरमध्ये. मायक्रोस्कोपची लेन्स, एनए (लेन्स किती प्रकाश गोळा करते तो आकडा), कॅमेरा का डिटेक्टर, सॉफ्टवेअर, तापमान, सगळं.

आता तो सात दिवसांचा मेल. पैशाची ओढ मला कळते, भट्टीवर एक पाऊस पडला की घराचं काय होतं ते आपल्या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणूनच सांगते, ते पैसे त्यांना देऊ नकोस. सात दिवसांत दोन-तीन जाणकार माणसं तुझा पेपर वाचून, तपासून, तू दुरुस्त करून, परत वाचून होतच नाही. तिथं एकदा छापलंस की हाच डेटा चांगल्या जर्नलला देता येणार नाही, चार वर्षांचं काम तिथंच पुरलं जाईल. यूजीसीनं २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी पेपरची सक्ती काढलीय, तुमच्या युनिव्हर्सिटीचा स्वतःचा नियम काय आहे तो लेखी विचारून घे, कदाचित तुला वाटते तेवढी घाई नसेल. आणि यूजीसी केअर लिस्टमध्ये, म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीत, आहे असं कुणी सांगितलं तर ती लिस्ट २०२५ मध्ये बंद झालीय.

चांगल्या जर्नलला पैसे लागतातच असं नाही. जर्नल ऑफ सेल सायन्समध्ये छापायला लेखकाला फी भरावीच लागते असं नाही. बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं जर्नल ऑफ बायोसायन्सेस आहे. जेसीबीला द्यायचं का? तुझ्याकडे आकार बदलतो एवढंच असेल आणि तो कसा बदलतो, कुठल्या प्रोटीनमुळे, हे नसेल तर तिथून परत येईल, मला तरी तसं वाटतं, मग आधीच योग्य जागा निवडलेली बरी. एका वेळी एकाच जर्नलला द्यायचं. त्याआधी बायोआर्काइव्ह या वेबसाइटवर प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीचा पेपर, टाकता येतो, फुकट, तारखेसकट काम तुझ्या नावावर लागतं, फेलोशिपच्या किंवा पुढच्या अर्जात दाखवता येतो. सहऑथर सगळ्यांची संमती घे, सरांची सर्वात आधी.

सरांशी कसं बोलायचं तेही सांगते. चुकीचं सांगताय असं तोंडावर म्हणू नकोस. ज्या जर्नलला द्यायचंय त्याच्या इमेजच्या नियमांचं पान प्रिंट काढून टेबलावर ठेव आणि म्हण, सर, हे पूर्ण ब्लॉट मागतात, मी या आठवड्यात परत करते. बहुतेक सर इथं हो म्हणतात, त्यांनाही पेपर परत यायला नकोच असतो. तरीही पुस म्हणाले तर ब्लॉट परत केल्याचा आणि मूळ फाइल जोडल्याचा साधा मेल त्यांना टाकून ठेव, आणि मला परत लिही, पुढचं बघू.

पण त्याआधी, उद्याच, बेंगळुरूच्या त्या फॅसिलिटीला फोन कर. बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवरचा डेटा ठरावीक दिवसांनी पुसतात, तुझा अजून असेल तर ऑपरेटरला तारीख आणि स्लॉट सांगून मूळ फाइली ठेवायला सांग, मोठ्या असतील, मेलनं यायच्या नाहीत. एक टीबीची हार्ड डिस्क घेऊन रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकड, सकाळी उतरलीस की आधी तिथं जा, फाइली कॉपी झाल्यावर तिथंच फिजीमध्ये एकेक उघडून बघ आणि मगच निघ. घरी आलीस की दुसरी कॉपी बाबांच्या कपाटात.